सवितेची गूळतुला

देवाला बोललेला नवस आणि अंगावर चढलेलं मांस, दोन्ही लांबवाल तितकं जड होतं, असं कस्तुराबाई म्हणाली आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. तिची सून सविता तेवढी हसली नाही. ती चहाचे कप गोळा करत होती. ताटातला एक कप तिनं उगाच सरळ केला आणि आत निघून गेली.

गोष्ट अशी होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सविता मरता मरता वाचली होती. पवना धरणाच्या काठावरच्या त्या गावातून तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा ती परत येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. कस्तुराबाईला आत सोडत नव्हते. म्हातारी फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहायची. तिथंच तिनं गावच्या भैरवनाथाला हात जोडले होते की माझी सून पायांनी चालत घरी येऊ दे, तिच्या भारंभार गूळ वाटीन. चैत्रातल्या यात्रेला, देवळापुढं मोठा तराजू टांगून, एका पारड्यात सून आणि एका पारड्यात गूळ.

सविता घरी आली. पण नवस लांबला. पहिल्या वर्षी यात्राच भरली नाही. पुढच्या वर्षी भावकीत सुतक पडलं. मग मुलीचं, राजेश्वरीचं, लग्न निघालं. त्यानंतरच्या वर्षी घराचं बांधकाम. आणि या सगळ्या काळात सविता भरत गेली.

आजारातून उठली तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कस्तुराबाईनं तिला डिंकाचे लाडू चारले, अळिवाची खीर चारली, नाचणीच्या भाकरीवर तूप ओतून चारलं. जुनी माणसं, त्यांना दुसरं औषध ठाऊक नव्हतं. त्या पिढीनं भात मोजून खाल्लेले दिवस पाहिले होते. अंगावर मांस असणं ही घरात धान्य असल्याची खूण होती, आणि सून वाळकी दिसली तर गाव सासूला नावं ठेवत असे. सविता परंदवडीहून लग्न होऊन आली तेव्हा काडीसारखी होती. हौशीरामानं बायको आणली का बाभळीचा फोक, असं बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. तेव्हाही ती अशीच आत जाऊन बसली होती. पण ती लाज वेगळी. ती लोकांनी दिलेली होती, तिच्यात तिचा काही दोष नव्हता. ही आताची लाज तिला स्वतःचीच कमाई वाटायची.

कारण आता ती खरोखर जाड होती. आजारानंतर पाळी गेली, गुडघे धरले, शेतातलं काम सुटलं. पुतण्या पप्पूनं धरणाच्या कडेला तंबू लावून पाहुणे आणायला सुरुवात केली होती, त्यांचा स्वयंपाक सविताकडे आला. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येत. तिच्या हातचं मटण आणि इंद्रायणीचा भात खाऊन, काकू, काकू करत फोटो काढत. फोटोत ती नेहमी पातेल्यामागं उभी राहायची.

या वर्षी कस्तुराबाईनं संक्रांतीलाच जाहीर करून टाकलं की आता मी थांबत नाही, माझे दिवस भरत आले, या यात्रेला सुनेची तुला व्हायचीच. सविताला तो तराजू दिसायला लागला. लहान पोरांना त्यात बसवतात तेव्हा किती गोड दिसतं. पोर रडतं, गूळ चढतो, पारडं उचलतं, लोक चांगभलं करतात. आपण बसल्यावर पारडं धपकन जमिनीला टेकेल. एकेक ढेप ठेवतील. लोक मोठ्यानं मोजतील. आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

तिनं राजेश्वरीला फोन केला. राजेश्वरी तळेगावात नोकरी करत होती, बाळंतपणानंतर तिनं स्वतः पथ्य करून वजन उतरवलं होतं. लेकीला आनंदच झाला. तिनं आईला दिवसाला बाराशे कॅलरीचं खाणं ठरवून दिलं. सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी अर्धी भाकरी, वाटीभर पालेभाजी, काकडी, पातळ ताक. रात्री नुसतं वरण किंवा सूप. भात बंद. साखर बंद. चहासुद्धा बिनसाखरेचा. कॅलरी म्हणजे काय ते सविताला नीट कळलं नाही. तिला एवढंच कळलं की जे जे जिभेला गोड लागतं त्यात ती असते.

पहिले दिवस तिनं निग्रहानं काढले. पोटात आग पडायची, डोकं दुखायचं. ती पवनानगरच्या दवाखान्यात जाऊन वजन करून यायची. काट्यावर चढण्याआधी चपला काढायची, बांगड्या काढायची, एकदा तर केसातला आकडाही काढला. कंपाउंडर चांगला मुलगा होता, पण त्याला आकडा मोठ्यानं वाचायची सवय होती. बाकावरची माणसं ऐकायची. तरी पहिल्यांदा वजन थोडं उतरलं, आणि घरी येताना जीपमध्ये तिघांच्या सीटवर चौथी म्हणून अंग चोरून बसलेली सविता मनातल्या मनात भैरवनाथाचे आभार मानत होती.

पुढं मात्र काटा हलेना. हलणार कसा? दिवसभर धरून ठेवलेली भूक तंबूवरच्या स्वयंपाकघरात सुटायची. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं मीठ तरी चाखायलाच हवं. मीठ चाखता चाखता एक फोड, फोडीबरोबर थोडा रस्सा, आणि रस्सा नुसता कसा प्यायचा म्हणून घासभर भात. घासभर भातानं भूक भागत नाही, चाळवते.

एका रविवारी पाहुणे गेल्यावर तिनं भाताचं मोठं पातेलं खरवडायला घेतलं. तळाला लागलेली खमंग खरवड होती. तिनं तिच्यावर उरलेला रस्सा ओतला आणि दाराकडं पाठ करून उभ्यानंच खायला लागली. भराभर, बोटं भाजेपर्यंत. मागं भांडी ठेवल्याचा आवाज झाला. वरच्या वाडीवरून भांडी घासायला येणारी रंजना दारात उभी होती. सविताच्या तोंडात घास तसाच राहिला.

रंजनानं बसायला पाट सरकवून दिला आणि म्हणाली, "बसून खावा की मावशी. आपल्याच हातचं हाय."

ती हसली असती तरी सविताला सोसलं असतं. सविता म्हणाली, वाया जाईल म्हणून खात होते. रंजनानं मान हलवली आणि पातेली घेऊन नळाकडं गेली. सविता पाटावर बसली नाही. पातेलं तिनं तसंच पालथं घातलं. पण पुढच्या रविवारी तिनं रंजनाला आधी घरी पाठवून दिलं आणि मग खाल्लं.

राजेश्वरीनं फोनवर विचारलं की वजन किती झालं. सविता म्हणाली की उतरतंय हळूहळू. एकदा लेक घरी आली, आईकडं बघत राहिली, आणि तिनं सरळच विचारलं, "आई, खरं सांग. तू चोरून खातेस का?"

सविता म्हणाली, "भैरवनाथाची शपथ, जे तू सांगितलंस तेवढंच खाते."

शब्द तोंडातून गेला आणि मग तिच्या ध्यानात आलं. ज्या देवाचा नवस फेडायचा त्याचीच खोटी शपथ. त्या दिवशी तिनं काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट खाल्लं. भुकेला शपथ कळत नाही.

असं करता करता यात्रा आली. घर पाहुण्यांनी भरलं. माहेरची माणसं आली, राजेश्वरी नवऱ्याला घेऊन आली. अंगणात चुली पेटल्या, पुरण शिजायला लागलं. गल्लीत हौशीरामाचा टेम्पो उभा होता आणि त्यात गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या. येणारा-जाणारा टेम्पोत डोकावून बघायचा, मग सविताकडं बघायचा. निदान सविताला तरी तसंच वाटायचं.

सकाळी तिनं नवी हिरवी साडी नेसायला घेतली. परकराची नाडी बांधताना नेहमीची गाठ बसेना. तिनं पोट आत ओढलं, तरी बसेना. ती तशीच कॉटच्या कडेला बसली. बाहेर ढोल वाजायला लागले होते. कस्तुराबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन तिला बोलवायला आत आली. सविता खाली बघत म्हणाली, "आत्या, मी बाहेरची झाले. आत्ताच."

पाळी आलेली बाई देवळाच्या पायरीला शिवत नाही, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. चार दिवस तिनं बाजूला बसायचं. कुणी कारण विचारत नाही, कुणी खोलात जात नाही. पळून जायला याहून सोपी वाट नव्हती. फक्त सविताची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि बायकांच्या घरात अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. बोलून गेल्यावर तिला हे आठवलं. तिचे कान तापले.

कस्तुराबाई ताट धरून उभी होती. तिनं सविताच्या तोंडाकडं पाहिलं, अर्ध्या नेसलेल्या साडीकडं पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "बरं. पडून ऱ्हा." आणि दार ओढून घेऊन गेली.

देऊळ घरासमोरच होतं. सविता खिडकीच्या फटीतून बघत राहिली. पिंपळाच्या फांदीला तराजू टांगला होता, साखळ्यांना झेंडू बांधले होते. माणसं गोळा झाली होती, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. कस्तुराबाईनं गुरवाला काहीतरी सांगितलं. गुरवानं कपाळाला हात लावला. लोकांत कुजबुज सुरू झाली. सविताला वाटलं, आता संपलं. लोक घरी जातील, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

पण कस्तुराबाई हलली नाही. ती गुरवाला म्हणत होती की नवस मी बोललेय, तेव्हा तिच्या जागी मी बसते. देवाला रिकामं परत पाठवायचं नाही. आणि ती आपलं लुगडं सावरत पारड्याकडं निघालीसुद्धा. वाळलेली, पाखराएवढी म्हातारी. तिच्या भारंभार गूळ म्हणजे टेम्पोतल्या निम्म्याहून जास्त ढेपा परत घरी.

तिची चुलत जाऊ सरूबाई पुढंच बसली होती. दोघींचं उभं आयुष्य बांधावरून भांडण्यात गेलं होतं. सरूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "न्हाई, सुनंच्या वजनाचा नवस बोलायचा आन सासूच्या वजनानं फेडायचा? कस्तुरे, आता देवालाबी काटा मारतीस व्हय गं?"

कुणीतरी फिसकन हसलं. आणखी एक बाई म्हणाली, सविताचं तर कधीच थांबलंय म्हणे, या वयात बाहेरची कुठून होतीय.

सविताला खिडकीशी सगळं ऐकू येत होतं. कस्तुराबाईनं जन्मभर कुणाला कमी मापलं नव्हतं. भातकापणीला वाडीवरची माणसं यायची, त्यांना मजुरीचं भात ती पायली काठोकाठ भरून वर शीग लावून द्यायची, शिगेवरचं भात सांडलं तरी ते पुन्हा पायलीत ओढायची नाही. शेजारणीची वाटी साखर परत करताना दाबून भरायची. अशा बाईला भर यात्रेत काटा मारणारी म्हटलं गेलं. उत्तर तिच्याजवळ होतं. सून खोटं बोलली, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. म्हणाली ते उलटंच. "आजारातनं उटल्याली बाई हाय. येती कवा कवा माघारी. मला इचारा, तिला काय बोलू नका."

वजनाची लाज सविताला महिनोन्महिने खात होती, पण ती ओळखीची झाली होती. ही लाज तिला नवी होती, आणि ती तिला खोलीत बसू देईना. तिनं साडी कशीबशी खोचली आणि दार उघडून बाहेर आली. अंगण ओलांडलं. बायका बाजूला सरल्या. बाहेरची बाई देवळाकडं चाललीय म्हणून कुणी तिला अडवायलाही पुढं झालं. ती पिंपळाखाली जाऊन उभी राहिली.

"मला काय अडचण न्हाई. मी खोटं बोलले. वजनाची लाज वाटली म्हनून बोलले. आत्यांना यातलं काय ठाऊक न्हाई."

ढोलवाला पोरगा वाजवायचा थांबला. हौशीराम टेम्पोपाशी उभा होता, तो बायकोकडं असा बघत राहिला की जणू ती परक्या भाषेत बोलली. गुरवाला काय करावं कळेना. कस्तुराबाई पारड्यापासून मागं झाली, तिनं पारड्यातल्या पाटावर हात फिरवून धूळ झटकली आणि म्हणाली, "बस."

सविता बसली. पारडं धपकन खाली टेकलं. जसं तिनं महिनोन्महिने मनात पाहिलं होतं तसंच, अगदी त्याच आवाजानं. गुरवानं दिलेला नारळ तिनं मांडीवर घट्ट धरला आणि डोळे मिटले. ढेपा चढायला लागल्या. लोक मोजायला लागले. आकडा वाढत गेला तसा मोजणाऱ्यांचा आवाजही वाढत गेला. मग तो थांबला. तिनं डोळे उघडले. टेम्पो रिकामा झाला होता आणि समोरचं पारडं अजून अधांतरी होतं.

गूळ कमी पडला होता.

हसू आलं ते आता दाबायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं. पप्पूनं मोटारसायकलला किक मारली आणि पवनानगरला गूळ आणायला गेला. तोवर काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. गुरव म्हणाला, एकदा बसलं की तोल झाल्याबिगर उतरायचं नाही, नाहीतर नवस मोडतो. म्हणजे सविताला तिथंच बसून राहायचं होतं, भर उन्हात, जमिनीला टेकलेल्या पारड्यात, सगळ्या गावाच्या मधोमध. मोबाईल वर झाले होते. ती कुठं बघावं ते न कळून आपल्या पायांच्या बोटांकडं बघत राहिली.

राजेश्वरी तांब्या घेऊन आली. आईला पाणी पाजताना ती लोकांकडं पाठ करून उभी राहिली, म्हणजे निदान त्या बाजूनं आडोसा होईल. सविता पाण्याचा घोट घेऊन हळूच म्हणाली, "मी खात होते गं. शपथ खोटी घेतली."

"माहितीये मला," राजेश्वरी म्हणाली. मग म्हणाली, "मीपण माझ्या वेळेला खायचे. बाथरूमात. बिस्किटं." आणि रिकामा तांब्या घेऊन उभीच राहिली.

कस्तुराबाई पारड्याला टेकून जमिनीवर बसली होती. सविता तिला म्हणाली की सावलीत जा. ती गेली नाही.

"आत्या, मला शिव्या द्या. असं गप बसू नका."

"कशापायी शिव्या?" म्हातारीनं पारड्याची साखळी धरली. "त्या वक्ताला चादरीत घालून न्हेली तुला. दोगांनी. दोन पोरांनी अशी उचलली, जशी काय चादरीत कोन न्हाईच. म्या बगितलं. मग झाडाखाली बसून देवाला म्हनले, हिच्या भारंभार दीन. तवा तुजा भार तरी किती? दोन ढेपांत भागलं असतं. पर म्या काय ढेपा मोजून बोलले न्हवते."

सविताला वाटलं होतं की असं काही ऐकलं की मनावरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट डिंकाच्या लाडवांचा एकेक घास आठवला, आणि म्हातारीनं घासाघासानं भरून काढलेलं शरीर आपण तीन महिने शत्रूसारखं वागवलं, उपाशी ठेवलं, चोरून चारलं, त्याच्यापायी देवाशी खोटं बोललो, याचीच लाज वाटली. गुडघे दुखत होते तेही खरंच होतं. वजन उतरवायला हवं होतं, डॉक्टरही तेच म्हणाले होते. पण हे असं नाही.

पप्पू गूळ घेऊन आला. ढेप ठेवली, आणखी एक ठेवली. साखळ्या कुरकुरल्या. सविताखालचा पाट हलला, जमीन सुटली, आणि ती हवेत किंचित डोलली. चांगभलंचा गजर झाला, गुलाल उडाला, ढोल पुन्हा सुरू झाले. कस्तुराबाईनं दोन्ही पारडी सारखी झाल्याचं वाकून वाकून पाहिलं आणि मग हात जोडले.

पारडं खाली घेतल्यावर गुरव म्हणाला, उतरा आता. सविता उठायला गेली तर पायांना मुंग्या आलेल्या, गुडघे वळेनात. कस्तुराबाईनं एक हात धरला, पण तिच्यानं काय होणार. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी दंडाला धरून जोर लावला. सविताला वाटलं रंजना असेल. बघते तर सरूबाई होती. तिचं तोंड आंबट होतं, पण हात भक्कम होता. दोघी म्हाताऱ्यांनी मिळून तिला उभी केली.

"लय जड झालीयस गं बाय," सरूबाई धापा टाकत म्हणाली.

"व्हय, सरूआत्या," सविता म्हणाली. "झालेय."

सरूबाई तिच्याकडं बघत राहिली. तोवर हौशीरामानं फोडलेल्या गुळाची परात आईच्या जागी आपल्या बायकोच्या हातात आणून दिली होती, कारण गूळ वाटायचा तो जिच्या भाराचा तिनंच. लाल झालेल्या तोंडानं सविता रांगेच्या पहिल्या माणसापुढं उभी राहिली आणि तिनं परातीत हात घातला.